लोकलसेंड: फोनमधून लॅपटॉपवर फाईल घ्यायला एकदम भारी अ‍ॅप, पण फोन दिसंना गेला की काय बघायचं ते नीट वाचा

आमचं अंबाजोगाईत फोटो-व्हिडिओचं काम आहे, त्यामुळं फोनमधून लॅपटॉपवर फाईल घेणं हे रोजचंच. कॅमेऱ्याचं फुटेज कार्ड रीडरनं उतरतं, त्याचं काही टेन्शन नाही, पण हल्ली लग्नात अर्ध्या चांगल्या क्लिपा पाहुण्यांच्या फोनमध्ये असतात, वरातीतला नाच, हळदीचा गोंधळ, नवरीचं डोळे पुसणं, हे सगळं मावसभाऊ नाहीतर करवल्यांनी टिपलेलं असतं आणि ते त्याच रात्री घेतलं नाही तर परत मिळत नाही, कारण सकाळी ज्याला त्याला पुण्याची गाडी पकडायची असते. या कामासाठी मी आता लोकलसेंड वापरतो आणि ज्याला त्याला तेच सांगतो. पाचपैकी चार स्टार देईन, एक स्टार का कापला ते पुढं येतंच.

आधी बाकीचे रस्ते का सोडले ते सांगतो. लोक पहिल्यांदा म्हणतात की भाऊ, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो ना. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ साधा पाठवला की तो दाबला जातो, मोबाईलवर बरा दिसतो पण एडिटिंगला घेतला की चेहऱ्यावर ठोकळे दिसायला लागतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर क्वालिटी जात नाही आणि २ जीबीपर्यंतची फाईल जाते, हे लई जणांना माहीत नाही, पण तिथं नेट दोनदा खर्च होतं, एकदा त्याचं अपलोडला आणि एकदा आपलं डाउनलोडला. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या माणसानं कसं पाठवायचं? आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये लिहिलेलंच असतं की फोर के ६० फ्रेमचं एक मिनिट साधारण ४०० एमबीला पडतं, म्हणजे चार मिनिटांची वरात शूट केली की त्याचा दिवसाचा पॅक संपला. ब्लूटूथचं तर नावच नको, त्याचा कागदावरचा स्पीडच ३ एमबीपीएसच्या आसपास, एक जीबीला तास जातो. शेअरइट आणि झेंडर एके काळी आमच्याकडं प्रत्येक फोनमध्ये असायचे पण २९ जून २०२० ला सरकारनं ५९ अ‍ॅप बंद केले त्यात हे दोन्ही गेले, आता कुणी कुठून तरी त्याची एपीके फाईल आणून टाकतो, कृपा करून तसलं काही टाकू नका, त्या एपीकेत काय भरलंय ते कुणालाच माहीत नसतं.

लोकलसेंड फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जाहिरात नाही, अकाउंट काढायची गरज नाही, मोबाईल नंबर पण मागत नाही. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं आणि हेच माझ्यासाठी सगळ्यात मोठं, कारण पाहुण्याच्या हातात कोणता फोन असंल ते आपल्या हातात नाही. फाईल इंटरनेटवर जातच नाही, दोन्ही यंत्रं एका वायफायवर असली की एकातून थेट दुसऱ्यात जाते. राऊटरमधून नेटची वायर काढून ठेवा आणि फाईल पाठवून बघा, तरी जाते. आमच्या भागात हे किती कामाचं आहे ते आमच्या भागातल्या माणसालाच कळंल, कारण जोरात वारं सुटलं की फायबर कुठं तरी तुटतंच आणि मग दिवसभर नेट नाही.

पहिल्यांदा उघडलं की अ‍ॅप आपल्या फोनला स्वतःच एक नाव देतं, इंग्रजी विशेषण आणि पुढं फळाचं नाव, कुणी संत्रं कुणी आंबा. एकच फोन असला तर ठीक, पण टेबलावर चार-पाच फोन असले की कोणतं फळ कुणाचं हेच कळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन लॅपटॉपचं नाव तेवढं बदलून घ्या, मी सरळ स्टुडिओचं नाव टाकलंय, म्हणजे पाहुण्याला सांगता येतं की या नावावर दाबा. नावाखाली हॅशचं चिन्ह आणि एक नंबर दिसतो, तो त्या यंत्राच्या आयपी पत्त्याचा, म्हणजे वायफायवर त्या यंत्राला मिळालेल्या नंबराचा, शेवटचा आकडा असतो, पुढं तो कामाला येतो म्हणून लक्षात ठेवा. पाठवणाऱ्यानं सेंडमध्ये जाऊन फाईल निवडायच्या, नावावर दाबायचं, इकडं लॅपटॉपवर स्वीकारायचं का विचारतं, हो म्हणलं की सुरू. प्रत्येक फाईलच्या नावासमोर पट्टी सरकत जाते, वर एकूण किती एमबी झालं आणि स्पीड किती चाललाय तेही दिसतं.

आता तो कापलेला स्टार. जेव्हा लॅपटॉपला फोन दिसत नाही तेव्हा हे अ‍ॅप धड काहीच बोलत नाही. जवळपासची यंत्रं शोधतोय एवढंच चालू राहतं, गोल फिरत राहतं, आणि समोरचा माणूस म्हणतो जाऊ द्या भाऊ, व्हॉट्सअ‍ॅपवरच टाकतो. अ‍ॅपनं तिथंच चार ओळी दाखवल्या असत्या की बाबा हे हे तपासा, तर निम्मे लोक सोडून गेले नसते. प्ले स्टोअरवर फोन दिसत नाही म्हणून एक स्टार देणारे जे लोक आहेत त्यांचा राग मला कळतो, पण माझा अनुभव असा की दोष बहुतेक वेळा अ‍ॅपचा नसतोच, नेटवर्कचा असतो. एका वायफायवर असणं वेगळं आणि त्या वायफायनं दोघांना एकमेकांशी बोलू देणं वेगळं. यंत्र शोधायला हे अ‍ॅप वायफायवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतं, ज्याला ऐकू गेली तो उत्तर देतो. हाक कुठं तरी अडली, राऊटरमध्ये, विंडोजमध्ये नाहीतर व्हीपीएनमध्ये (म्हणजे आपलं नेट दुसऱ्याच सर्व्हरवरून फिरवून नेणारी सोय), की यादी रिकामी. म्हणून अ‍ॅप काढून परत टाकत बसू नका, त्यानं काहीच होत नाही, हाक कुठं अडली ते शोधा.

पहिलं म्हणजे दोघं खरंच एका नेटवर्कवर आहेत का. ऐकायला सोपं वाटतं पण इथंच लई वेळा गाडी अडते, कारण हल्लीचे फोन लई शहाणे झालेत, वायफायला नेट नाही असं दिसलं की गुपचूप मोबाईल डेटावर जातात आणि आपल्याला वाटतं वायफाय चालूच आहे. खात्री करायला आयपी पत्ता बघा. फोनमध्ये वायफायच्या नावावर दाबलं की तपशिलात दिसतो, लॅपटॉपमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ipconfig टाइप केलं की दिसतो. घरच्या राऊटरवर साधारण १९२.१६८.१.५ असा असतो. फोन आणि लॅपटॉपचे पहिले तीन आकडे सारखे पाहिजेत, शेवटचा वेगळा. एकाचं १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचं १९२.१६८.० असं असलं तर बहुतेक दोघं वेगळ्या राऊटरवर आहेत, घरात वरच्या मजल्यासाठी दुसरा राऊटर लावलेला असला की असं होतं. आणि लॅपटॉपवर १६९.२५४ नं सुरू होणारा आकडा दिसला तर त्याला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही, वायफाय बंद करून चालू करा.

दुसरं, विंडोज. माझ्याकडं जेवढे लोक लॅपटॉप घेऊन येतात त्यातल्या बहुतेकांचं दुखणं इथंच निघतं. नवीन वायफाय जोडलं की विंडोज ११ त्याला पब्लिक धरतं, म्हणजे बसस्टँडवरचं वायफाय समजून आपला लॅपटॉप बाकीच्यांपासून लपवून ठेवतं. सेटिंग, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, त्या वायफायच्या प्रॉपर्टीज, आणि तिथं पब्लिकचं प्रायव्हेट करायचं. घरच्या आणि दुकानाच्या वायफायलाच करा, लॉजच्या वायफायला करू नका. त्याच्या जोडीला फायरवॉल, म्हणजे बाहेरून लॅपटॉपमध्ये काय येऊ द्यायचं ते ठरवणारा विंडोजचा राखणदार. अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की विंडोज एक खिडकी दाखवून विचारतं की याला नेटवर्कवर येऊ द्यायचं का, आपली माणसं घाईत कॅन्सल दाबतात, आणि कॅन्सल दाबलं की विंडोज कायमचा नियम करून ठेवतं की याला आत येऊ द्यायचं नाही, परत कधी विचारत पण नाही. मग लॅपटॉपवरून फोनकडं फाईल जाते पण फोनवरून लॅपटॉपकडं येत नाही. एकीकडून चालतंय आणि दुसरीकडून नाही असं असलं की समजायचं फायरवॉल आहे. कंट्रोल पॅनलमध्ये विंडोज डिफेंडर फायरवॉलमध्ये जाऊन अ‍ॅपला परवानगी द्यायच्या यादीत लोकलसेंड शोधायचं आणि प्रायव्हेटच्या चौकटीत टिक करायची. लॅपटॉपवर विकतचा अँटीव्हायरस असला तर त्याची स्वतःची फायरवॉल असते, तिथं पण हेच करावं लागतं. फायरवॉलनं पोर्टचा, म्हणजे फाईल ज्या दारानं आत येते त्याचा, आकडा विचारला तर ५३३१७ टाका, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही प्रकारांना.

व्हीपीएन चालू असलं तर ते बंद करा, फोनमधलं पण आणि लॅपटॉपमधलं पण. पुण्या-मुंबईच्या कंपनीत कामाला असलेली पोरं सणाला गावाकडं येतात, त्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन सदा चालू असतं आणि कधी कधी ते बंद पण करता येत नाही, तिथं नाद सोडा आणि केबल लावा.

तिसरी अडचण राऊटरमधली. मागच्या सीझनला एका मंगल कार्यालयात बसलो होतो, रात्रीचे अकरा वाजले असतील, नवरदेवाचे मामा मागं लागलेले, भाऊ आजच घ्या बरं सगळं, पोरगं सकाळी चाललंय पुण्याला. पोराच्या फोनमध्ये सप्तपदीची क्लिप होती, आमच्या कॅमेऱ्यापुढं ऐन वेळी भटजी आले होते म्हणून ती पाहिजेच होती. दोघं कार्यालयाच्या वायफायवर, पहिले तीन आकडे सारखे, फायरवॉल बरोबर, तरी दिसंना. मग लॅपटॉपवरून फोनच्या आयपीला पिंग करून बघितलं, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये ping आणि पुढं फोनचा आयपी टाकून तो उत्तर देतो का ते बघितलं, तर रिक्वेस्ट टाईम्ड आउट, एकामागून एक चारही ओळी. तिथंच कळलं की इथल्या राऊटरमध्ये आयसोलेशन चालू आहे. कार्यालय, लॉज, कॉलेज, हॉटेल अशा ठिकाणी मुद्दाम असं करून ठेवतात, प्रत्येकाला नेट मिळतं पण एकाचं यंत्र दुसऱ्याला दिसत नाही, आणि खरं तर ते बरोबरच आहे, हजार पाहुणे ज्या वायफायवर चढतात तिथं असंच पाहिजे. घरच्या राऊटरवर गेस्ट नेटवर्क असतं त्याचंही तसंच. घरचा राऊटर असंल तर त्याच्या सेटिंगमध्ये एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन नावाचा पर्याय बंद करता येतो. दुसऱ्याच्या जागेत त्याच्या मागं लागण्यात अर्थ नाही, पोराला म्हणलं तुझा हॉटस्पॉट चालू कर, लॅपटॉप त्याला जोडला, लगेच नाव दिसलं. मामा क्लिप पूर्ण उतरेपर्यंत खुर्चीवरून हलले नाहीत.

हॉटस्पॉटची ही गोष्ट नीट समजून घ्या कारण आमच्याकडं लाईट गेली की राऊटर बंद, आणि लाईट कधी जाईल सांगता येत नाही. फोनचा हॉटस्पॉट म्हणजे छोटा राऊटरच असतो. पण चालू करायच्या आधी मोबाईल डेटा बंद करा. बहुतेक फोनमध्ये डेटा बंद असतानाही हॉटस्पॉट चालतो आणि फाईल पाठवायला नेट लागतच नाही. डेटा चालू ठेवला तर लॅपटॉपला वाटतं फुकटचं नेट मिळालं, विंडोजचा अपडेट सुरू होतो आणि बिचाऱ्या पाहुण्याचा दिवसाचा पॅक संपतो, मग तो म्हणतो तुमच्या अ‍ॅपनं नेट खाल्लं. उलट बाजूनं लॅपटॉपचा हॉटस्पॉट केला आणि फोन त्याला जोडला तर फोन विचारतो की या वायफायला इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं का, तिथं हो दाबायचं, दुर्लक्ष केलं तर तो थोड्या वेळानं सोडून जातो.

सगळं बरोबर आहे, पिंग पण होतंय, आणि तरी यादीत नाव नाही असंही होतं, काही राऊटर ती हाकच पुढं जाऊ देत नाहीत. तेव्हा सेंडच्या पानावर पत्ता हातानं टाकायची सोय आहे, तिथं आयपी टाका किंवा नुसता तो हॅशवाला शेवटचा आकडा टाका, सरळ जोडलं जातं. एकदा जोडलं की फेव्हरिटमध्ये टाकून ठेवा. आणि पाहुणा म्हणाला की माझ्या फोनमध्ये जागा नाही, मी अ‍ॅप घेणार नाही, तर उलट दिशेचं काम लिंकनं होतं, म्हणजे लॅपटॉपवरून शेअर व्हाया लिंक करायचं आणि त्यानं फोनच्या ब्राऊझरमध्ये ती लिंक उघडून फोटो घ्यायचे. नेटवर्क मात्र तेच लागतं, ही लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्या गावाला पाठवून उपयोग नाही.

स्पीडबद्दल लई विचारतात. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर साध्या फोनला ७२ एमबीपीएसची लिंक, म्हणजे जोडणीचा वेग, मिळते, हे मेगाबिट आहेत, आठनं भागायचं, म्हणजे कागदावर सेकंदाला ९ एमबी आणि हातात त्याच्या निम्मं. ५ गिगाहर्ट्झवर साध्या फोनलाही ४३३ ची लिंक मिळते, फरक तुम्हीच बघा. म्हणून हॉटस्पॉट करताना बँड ५ गिगाहर्ट्झ निवडा, फक्त भिंतीपलीकडं तो लवकर मरतो, एका खोलीत बसा. अजून एक, फोन आणि लॅपटॉप दोन्ही राऊटरला वायफायनं जोडलेले असले की प्रत्येक फाईल हवेतून दोनदा जाते, फोन ते राऊटर आणि राऊटर ते लॅपटॉप, त्यामुळं स्पीड निम्मा होतो. लॅपटॉप राऊटरला वायरनं जोडा नाहीतर सरळ हॉटस्पॉट वापरा. तरी कमी पडलं तर अ‍ॅपमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून फाईल कुलूपबंद करून पाठवणं, बंद करायची सोय आहे, दोन्हीकडं बंद करावं लागतं, पण ते घरच्या नेटवर्कवरच करा, लोकांच्या लग्नाचे फोटो आहेत ते.

आयफोनवाल्यांसाठी वेगळं सांगतो. अ‍ॅप पहिल्यांदा लोकल नेटवर्कची परवानगी मागतं, ती नाकारली की आयफोन कधीच दिसत नाही. सेटिंग, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकल नेटवर्क, तिथं लोकलसेंडचं बटण चालू करा. आणि फाईल जाईपर्यंत स्क्रीन चालू आणि अ‍ॅप समोरच ठेवायचं, मध्येच इन्स्टाग्राम उघडलं की आयफोन मागच्या अ‍ॅपला झोपवतो आणि ट्रान्सफर तुटतं. अँड्रॉइडवर पण बॅटरी सेव्हर बंद करा, काही कंपन्यांचे फोन मागच्या अ‍ॅपला लई लवकर मारतात. तुटलं की अर्ध्यातून पुढं सुरू होत नाही, ती फाईल परत पहिल्यापासून, ही या अ‍ॅपची खरी कमी आहे आणि मोठ्या फाईलला ती जाणवते.

क्विक शेअर का नाही असं विचारणारे असतात. गुगलनं २०२० साली निअरबाय शेअर म्हणून आणलं, २०२३ ला विंडोजसाठी आलं, २०२४ च्या जानेवारीत सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये मिसळलं. अँड्रॉइड आणि विंडोज एवढंच तुमचं असंल तर ते पण चांगलं आहे, फोनमध्ये आधीच असतं त्यामुळं पाहुण्याला काही टाकावं लागत नाही. पण त्याला ब्लूटूथ लागतं, आमच्या स्टुडिओच्या पीसीला ब्लूटूथच नाही, आणि नाही जमलं तर कुठं अडलं ते शोधायला काहीच हातात नसतं. लोकलसेंडमध्ये निदान आयपी टाकून बघता येतं. एवढंच की पन्नास-साठ जीबी घ्यायचं असंल तर कुठलंच वायरलेस वापरू नका, चांगली केबल लावा, चार्जिंगपुरती मिळते ती नाही, डेटावाली.

क्विक सेव्ह नावाचं बटण आहे, ते चालू केलं की न विचारता फाईल घेतल्या जातात. स्टुडिओत ठीक, बाहेर बंद ठेवा, नाहीतर त्या वायफायवरचा कुणीही काहीही तुमच्या लॅपटॉपवर टाकंल. डाउनलोड करताना फोनवर प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरूनच घ्या आणि लॅपटॉपसाठी त्यांच्या स्वतःच्या साईटवरून. फाईल सरळ पेनड्राइव्हवर साठवत असाल आणि पेनड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या फॉरमॅटचा असंल तर ४ जीबीच्या वरची फाईल बसणारच नाही, एक्सफॅट फॉरमॅट करून घ्या. आणि आपल्याकडं अजून बऱ्याच स्टुडिओत अल्बम डिझाईनचे जुने पीसी विंडोज ७ वर चालतात, त्यावर नवीन लोकलसेंड चालत नाही, विंडोज ७ ला चालणारी शेवटची आवृत्ती १.१५.४ आहे, त्यांच्या जुन्या आवृत्त्यांच्या यादीतून तीच उतरवून घ्या.